विश्वासाला जागलेले न्यायमूर्ती : बेंजामिन कार्डोझो

पित्याने मिळविलेली कीर्ती पुढे चालविणे त्या मानाने सोपे. परंतु पित्याने गमावलेले नाव पुन्हा उजळविणे ही आयुष्यभराची तपश्चर्या असते. अमेरिकेतील थोर न्यायविद बेंजामिन नॅथन कार्डोझो यांचे जीवन ही अशीच एक तपश्चर्या होती.

२४ मे १८७० रोजी न्यूयॉर्क शहरातील एका जुन्या ज्यू घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अल्बर्ट हे न्यूयॉर्क राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. शहरावर तेव्हा टॅमनी हॉल या राजकीय गटाची पकड होती. त्या गटाला न्यायासनावरून साहाय्य केल्याचे आरोप अल्बर्ट यांच्यावर झाले व महाभियोग समोर दिसताच १८७२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बेंजामिन तेव्हा अवघे दोन वर्षांचे होते. बालपणीच आई गेली, १८८५ मध्ये वडीलही गेले. थोरली बहीण नेली हिने त्यांना मायेने सांभाळले. पुढे ते अविवाहित राहिले आणि १९२९ मध्ये तिचे निधन होईपर्यंत तिची सेवा त्यांनी निष्ठेने केली.

वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी कोलंबिया महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८९१ मध्ये वकिलीची सनद मिळविली आणि सुमारे बावीस वर्षे शांतपणे, प्रसिद्धीपासून दूर राहून व्यवसाय केला. अवघड प्रकरणांत अन्य वकील त्यांचा सल्ला घेत. १९१३ च्या निवडणुकीत टॅमनी हॉलच्या विरोधी बाजूने उभे राहून ते अल्प मताधिक्याने न्यूयॉर्क सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. ज्या न्यायालयातून पित्याला मान खाली घालून जावे लागले, तेथेच पुत्र सन्मानाने आरूढ झाला!

न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम कोर्ट हे दाव्यांची प्रथम सुनावणी करणारे न्यायालय होय. राज्याचे सर्वोच्च न्यायालय म्हणजे कोर्ट ऑफ अपील्स. अवघ्या काही आठवड्यांत, १९१४ मध्येच, कार्डोझो यांची तेथे नेमणूक झाली आणि १९२७ मध्ये ते तेथील मुख्य न्यायाधीश झाले. मोटारीचे लाकडी चाक मोडून जखमी झालेल्या ग्राहकाने मोटार विक्रेत्याकडून घेतली असली, तरी निष्काळजीपणाबद्दल उत्पादक त्याला जबाबदार ठरतो, असा निर्णय त्यांनी १९१६ मध्ये दिला. ग्राहकाच्या संरक्षणाची वाट त्यातून रुंद झाली.

१९२८ चा त्यांचा निर्णय तर प्रत्येक विश्वस्ताने व भागीदाराने मनन करावा असा आहे. दोघांनी मिळून एका हॉटेलच्या इमारतीचा भाडेपट्टा चालविला होता. मुदत संपत आली तेव्हा कारभार पाहणाऱ्या भागीदाराने दुसऱ्यास न कळविता नवा, अधिक मोठा पट्टा स्वतःकडे घेतला. भागीदार हा बाजारातील परका नव्हे. तो विश्वस्तच आहे आणि केवळ बाजारी प्रामाणिकपणा त्याला पुरेसा नाही, असे कार्डोझो यांनी ठरविले व वंचित भागीदारास वाटा मिळवून दिला. पित्याच्या हातून ढळलेला विश्वास पुत्राच्या लेखणीने कायद्यात असा दृढ केला.

१९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी त्यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले. सिनेटने एकमताने मान्यता दिली. ९ जुलै १९३८ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. पद वारशाने मिळू शकते. विश्वास मात्र प्रत्येकाला आपल्या आचरणानेच मिळवावा लागतो, हीच त्यांच्या जीवनाची शिकवण होय.