हिशेब कीर्तनात सांगणारा बाबा

शेतकरी बंधूंनो, ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा किती जण ऐकतात? आकडे कानावरून जातात आणि माणसं बिडी ओढायला उठतात. पण याच आपल्या वऱ्हाडात एक माणूस होऊन गेला, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते अन् तरी तो हजारोंना हिशेब समजावून सांगत होता. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा. बापाला दारूने नेले. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. दापुरे मुर्तिजापूर तालुक्यात, म्हणजे आपल्या कारंज्याच्या शेजारीच म्हणा ना. मामा चंद्रभानजींची शेती चांगली होती, पण कर्ज झाले. कागदावर काय लिहिले ते कळत नव्हते, तरी अंगठे उठत गेले. शेवटी सावकार शेतावर ताबा घ्यायला निघाला. त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. तरण्या डेबूजीने मात्र औत सोडले नाही. ताबा घ्यायला आलेल्यांना त्याने शेतातून पिटाळून लावले.

हे दुःख ते विसरले नाहीत. १९०५ साली त्यांनी घर सोडले. हाती खराटा आणि गाडगे. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत. कर्ज कोणी काढले? कशापायी काढले? लग्नात किती उडवले, बोकडाला किती गेले? उत्तर लोकच देत. स्वतःच्या तोंडून निघालेला आकडा माणूस विसरत नाही, हे बाबांना पक्के ठाऊक होते. ताटे मोडा, हातावर भाकर खा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असे. पोरगा शिकला तर कागद वाचेल.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. पुढे २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय कीर्तनकार? ग्रामसेवक साहेब, तलाठी भाऊ, कीर्तन नका करू. पण शेकडा दोन रुपये महिना व्याज, एवढेच सांगून थांबू नका. शंभर रुपये घेतले अन् काहीच फेडले नाही, तर पन्नास महिन्यांत दोनशे देणे होतात, असे सांगा. पाणीपट्टीची थकबाकी सांगताना ती भरली असती तर नळाची कोणती दुरुस्ती झाली असती, ते सांगा. अन् शेतकरी दादा, तुम्हीही कळेपर्यंत विचारा. न समजता उठवलेल्या अंगठ्यापायी दापुऱ्यात एक शेत जायची वेळ आली होती.