सूर्यावरील डाग आणि गव्हाचा भाव : विल्यम हर्शेल

सूर्याचा प्रकाश दरवर्षी सारखाच असतो का? तो थोडा कमी-जास्त झाला तर पिकावर परिणाम होतो का? दोनशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर एका खगोलशास्त्रज्ञाने गव्हाच्या बाजारभावात शोधले.

विल्यम हर्शेल यांचा जन्म १७३८ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी बँडमध्ये वादक होते. १७५७ मध्ये विल्यम इंग्लंडला गेले आणि पुढे बाथ शहरात संगीतावर पोट भरू लागले. ते स्वतः आरसे घासून दुर्बिणी बनवत; बहीण कॅरोलाइन मदतीला असे. १३ मार्च १७८१ रोजी त्यांना युरेनस ग्रह सापडला. १८०० मध्ये त्यांनी सूर्यप्रकाशातील, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोधले.

१८०१ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक विचार मांडला. सूर्यावर डाग कमी असतात तेव्हा उष्णता कमी मिळते आणि गहू कमी पिकतो, असा त्यांचा तर्क होता. पण जुन्या काळातील उत्पादनाच्या नोंदी हाताशी नव्हत्या. म्हणून त्यांनी अ‍ॅडम स्मिथ यांच्या ग्रंथातील गव्हाचे भाव घेतले. डाग कमी असलेल्या पाच कालखंडांत गहू महाग होता, असे त्यांना दिसले. यावरून त्यांची टिंगल झाली.

त्यांचा अर्धा तर्क बरोबर निघाला. हे डाग सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पडतात. डाग काळे असले तरी त्यांच्या आजूबाजूचे तेजस्वी पट्टे ती घट भरून काढून वर थोडा जास्त प्रकाश देतात. त्यामुळे डाग वाढले की सूर्य किंचित प्रखर होतो. हे चक्र सुमारे ११ वर्षांचे असते. मात्र १९७८ पासूनच्या उपग्रह मोजणीनुसार हा फरक जेमतेम ०.१ टक्का आहे. गव्हाच्या भावाशी जोडलेला संबंध पुढील तपासणीत टिकला नाही. भाव युद्ध, व्यापार आणि साठ्यावरही ठरतो.

हर्शेल १८२२ मध्ये वारले. त्यांची अडचण आपल्यालाही धडा देते : भावावरून उत्पादन कळत नाही. म्हणून पाऊस, एकरी उत्पादन आणि मिळालेला भाव यांची दर हंगामात वेगवेगळी नोंद ठेवा. सूर्यावरील डागांवरून कोणी पावसाचा किंवा भावाचा अंदाज सांगितला, तर त्यावर पेरणी ठरवू नका. हवामान विभागाचा कृषी सल्ला पाहा.