मेबल आरोळे

डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (२६ डिसेंबर १९३५ – सप्टेंबर १९९९) या ग्रामीण सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या भारतीय डॉक्टर व समाजसेविका होत्या. पती डॉ. रजनीकांत आरोळे यांच्यासह त्यांनी १९७० साली नाशिक महसूल विभागातील अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेड येथे सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच अल्पशिक्षित किंवा निरक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती प्राथमिक आरोग्यसेवा सोपविणे, हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

बालपण व शिक्षण

मेबल यांचा जन्म मध्य प्रदेशातील जबलपूर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. माहेरचे आडनाव इमॅन्युएल. त्यांचे वडील जबलपूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. वैद्यकीय शिक्षण त्यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात घेतले व १९५९ साली पदवी संपादन केली. तेथेच अहमदनगर जिल्ह्यातील रजनीकांत आरोळे हे त्यांचे सहाध्यायी होते. १९६० साली दोघांचा विवाह झाला. खेड्यातील गोरगरिबांसाठीच आयुष्यभर काम करावयाचे, असा निश्चय उभयतांनी विवाहाच्या वेळी केला होता.

वडाळा येथील अनुभव

१९६२ ते १९६६ या काळात आरोळे दांपत्याने नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. रुग्णांची गर्दी वाढत होती, शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या. पण बरा होऊन गेलेला रुग्ण काही महिन्यांनी तोच आजार घेऊन परत येई. जुलाब, कुपोषण, धनुर्वात, बाळंतपणातील गुंतागुंत असे बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. त्यांची मुळे दूषित पाणी, अपुरे अन्न, जातिभेद आणि स्त्रीचे घरातील दुय्यम स्थान यांत होती. रुग्णालय कितीही मोठे केले तरी ही मुळे हलणार नाहीत, ही जाणीव मेबल यांना येथे झाली.

पुढील शिक्षणासाठी दोघे अमेरिकेला गेले. तेथील रुग्णालयांत काम केल्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्य या विषयाची पदव्युत्तर पदवी घेतली. तेथे डॉ. कार्ल टेलर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. भारतात परतल्यानंतर राबवावयाच्या प्रकल्पाची आखणी त्यांनी तेथेच केली.

जामखेड प्रकल्प

बीड जिल्ह्याच्या सीमेलगतचा जामखेड तालुका हा कायम अवर्षणप्रवण प्रदेश. गावकऱ्यांनी बोलावले तरच काम करावयाचे, असे ठरवून आरोळे दांपत्याने आधी तेथील पुढाऱ्यांशी बोलणी केली. गावाने दिलेल्या गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत १९७० साली काम सुरू झाले. लवकरच १९७२ चा दुष्काळ आला. औषधापेक्षा अन्न व पाणी यांची निकड मोठी होती. त्यामुळे प्रकल्पाने मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली आणि कूपनलिका खोदण्याचे काम हाती घेतले. अनेक ठिकाणी कूपनलिका दलित वस्तीत घेण्यात आल्या. परिणामी सवर्ण कुटुंबांनाही पाण्यासाठी तेथे यावे लागले व पाणवठ्यावरील शिवाशीव हळूहळू सैल झाली.

गावाची आरोग्यसेविका

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी ठेवण्याचा प्रयत्न झाला, पण तो फसला. शहरात शिकलेल्या तरुण मुली परक्या गावात एकट्या राहण्यास तयार नव्हत्या आणि गावातील बायकाही त्यांच्याजवळ मन मोकळे करीत नसत. तेव्हा गावातलीच बाई का शिकवू नये, अशी सूचना एका सरपंचाकडून आली. ती स्वीकारून मेबल यांनी प्रशिक्षणाची जबाबदारी मुख्यतः स्वतःकडे घेतली.

निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या. काही दलित, काही विधवा वा नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत व शिकत. स्वच्छ बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाब झालेल्या मुलास साखर-मिठाचे पाणी, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षयरोग व कुष्ठरोगाची ओळख हे विषय त्यांना चित्रे, गोष्टी, गाणी व प्रात्यक्षिके यांतून शिकविले जात. मात्र केवळ माहिती देऊन भागणार नाही, ज्या बाईला आजवर कोणी विचारले नाही तिला आधी स्वतःची किंमत कळली पाहिजे, असे मेबल यांचे मत होते. म्हणून प्रशिक्षणाचा बराच वेळ आत्मविश्वास वाढविण्यास दिला जाई. डॉक्टरने आपले ज्ञान वाटून टाकावे, दडवून ठेवू नये, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होते.

सेविकांच्या जोडीला गावोगावी महिला मंडळे व शेतकरी मंडळे स्थापन झाली. १९७१ साली प्रकल्पक्षेत्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत; सुमारे पंचवीस वर्षांत हे प्रमाण पंचविशीच्या आसपास आले.

अन्य संस्थांशी सहकार्य

जामखेडचे काम एकाकी राहू नये, याकडे मेबल यांचे लक्ष होते. लसीकरण व कुटुंबनियोजन या कामांत शासकीय यंत्रणेची मदत घेतली जाई. जिनिव्हा येथील ख्रिश्चन मेडिकल कमिशनने प्रकल्पास पाठबळ दिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या, लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवरील ग्रंथात जामखेडवर एक प्रकरण होते. १९७८ साली अल्मा-आता येथील परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचे धोरण ठरले, त्यामागील विचारांत अशा प्रकल्पांच्या अनुभवाचा वाटा होता.

याच सुमारास महाराष्ट्रात कासा, मांडवा, पाचोड येथेही ग्रामीण आरोग्याचे प्रयोग सुरू होते. इतर संस्थांचे कार्यकर्ते, शासकीय अधिकारी व परदेशी विद्यार्थी जामखेडला येऊ लागल्यावर तेथे स्वतंत्र प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तेथील वर्गांत गावच्या आरोग्यसेविकाही डॉक्टरांना शिकवीत असत. पुढे प्रकल्पाचे काम जिल्ह्याच्या पश्चिमेस, नाशिक जिल्ह्यालगतच्या भंडारदरा परिसरातील आदिवासी गावांतही नेण्यात आले.

मूल्यमापन

जामखेडचे यश आरोळे दांपत्याच्या व्यक्तिमत्त्वावर अवलंबून असून ते अन्यत्र साधणे अवघड आहे, असा आक्षेप घेतला जातो. १९७७ साली केंद्र शासनाने गावपातळीवरील आरोग्यरक्षकांची योजना आणली. परंतु तीत निवडले गेलेले बहुसंख्य पुरुष होते, प्रशिक्षण अल्पकालीन होते व गावाचा सहभाग नाममात्र राहिला. त्यामुळे ती अपेक्षेप्रमाणे रुजली नाही. सेविका नेमणे सोपे, पण तिच्यामागे सतत उभे राहणे कठीण, हा या दोन अनुभवांतील फरक अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. २००५ साली सुरू झालेल्या आशा योजनेत गावातील स्त्रीलाच आरोग्य कार्यकर्ती म्हणून निवडण्यात आले.

लेखन व सन्मान

आरोळे दांपत्याने प्रकल्पाचा समग्र इतिहास सांगणारा ‘जामखेड’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला व सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांत वाचला जातो. १९७९ च्या मॅगसेसे पुरस्कारानंतर १९९० साली भारत सरकारने उभयतांना पद्मभूषण देऊन गौरविले.

निधन

सप्टेंबर १९९९ मध्ये मेबल आरोळे यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर रजनीकांत आरोळे यांनी २०११ साली आपल्या निधनापर्यंत प्रकल्पाची धुरा सांभाळली. पुढे त्यांची कन्या डॉ. शोभा आरोळे यांनी हे कार्य चालू ठेवले.