डॉ. कोटणीस आणि आपला बोरघाट

खालापूर-खोपोलीकडे राहणाऱ्या आपल्या सगळ्यांनी घाटातले अपघात पाहिलेत. म्हणून आज डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण काढू या.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म, मुंबईत डॉक्टरकी. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा, १९३८ मध्ये, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं, त्यात ते होते. तिथे जखमीला दूर नेईपर्यंत रक्त वाहून जायचं, जखम सडायची. म्हणून डॉक्टरच लढाईजवळ जायचे. १९४० मध्ये कोटणीसांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली. १९४१ मध्ये ते बेथून इस्पितळाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी निकाह नव्हे पण तितक्याच साधेपणाने लग्न केलं. मुलगा तीन-चार महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय अवघं ३२. त्यांची कहाणी ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिली, शांतारामांनी १९४६ मध्ये पडद्यावर आणली.

वेळेची ती किंमत घाटातही तीच आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, मान-पाठ हलवू नका, पाणी पाजू नका, १०८ ला फोन लावा. पोलिसांच्या लफड्याची भीती नको; २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायदा मदत करणाऱ्याला संरक्षण देतो. ही गोष्ट आज घरात मुलांनाही सांगा.