आधी गोष्ट, मग पुस्तक : साने गुरुजींची वाट



पुस्तक उघडायला सांगितलं की लगेच तहान लागणारं, पेन्सिलीला टोक करत बसणारं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतंच. आपण जितकं वाच वाच म्हणतो, तितकं ते लांब पळतं. अशा मुलाचं काय करायचं? मला याचं उत्तर साने गुरुजींच्या आयुष्यात सापडतं. त्यातलं एक पान तर आपल्या नाशिकचं आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. घराणं खोतांचं, पण वडिलांच्या काळात गरिबी आली. आई यशोदाबाईंनी त्या गरिबीतही मुलावर संस्कार केले. दापोली, औंध, पुणे असं करत, हाल सोसत ते एम. ए. झाले आणि १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले.

तिथे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. ते मुलांच्या खोल्या झाडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, आजारी मुलाजवळ बसायचे. आणि मुलांना वाचायला मिळावं म्हणून 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढायचे! १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. विचार करा, ज्या गुरुजींनी माझी खोली झाडली, त्यांनीच माझ्यासाठी लिहिलेलं पान कोणतं मूल वाचणार नाही? आधी माणूस आवडला, मग त्याचं लिहिलेलं आवडलं.

१९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी स्वातंत्र्यलढ्यात उतरले. तुरुंगवास घडत गेला. नाशिकच्या तुरुंगात असताना ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी 'श्यामची आई' लिहायला घेतलं आणि १३ तारखेला पहाटे हातावेगळं केलं. अवघ्या पाच दिवसांत! या पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, कारण श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर आश्रमातल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळात ऐकण्याचं आहे. ऐकणाऱ्याला उद्याच्या रात्रीची ओढ लागते.

पुढे 'गोड गोष्टी' मालेत त्यांनी जगातल्या मोठ्या कथा सोप्या मराठीत मुलांना सांगितल्या. 'मनूबाबा' ही जॉर्ज एलियट यांच्या 'सायलस मार्नर'वरून घेतलेली. एकट्या विणकराचं सोनं चोरीला जातं आणि त्याच्या घरी एक चिमुकली पोर येते. पुढे काय होतं, हे जाणून घ्यायला मूल स्वतःहून पान उलटतं.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ११ जून १९५० ला गुरुजी गेले.

मग आपण काय करायचं?

१. रोज रात्री दहा मिनिटं मुलाला जवळ घेऊन वाचून दाखवा. 'श्यामची आई'मधली पोहण्याची रात्र सुरुवातीला छान. श्याम भीतीने लपून बसतो, हे मुलांना लगेच पटतं.

२. रंगात आलेल्या ठिकाणी थांबा आणि पुस्तक मुलाच्या हाताला येईल असं ठेवून द्या.

३. वर्गात रोज एक हस्तलिखित पान लावा. कुणाचा दात पडला, कुणाच्या शेळीला करडू झालं, अशा बातम्या मुलांच्या नावासकट. स्वतःचं नाव दिसलं की न वाचणारं मूलही अक्षरं जुळवू लागतं.

४. गोष्ट संपल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. गोष्टीची परीक्षा झाली की गोडी गेलीच.

श्यामच्या आईने लपलेल्या श्यामला शिमटी घेऊन विहिरीवर पाठवलं, हे खरं. पण पोहायला ढकलता येतं, वाचायला ढकलता येत नाही. मुलाने धडाधड वाचावं ही आपली घाई असते. त्याने पुढे काय झालं असं विचारलं, की वाचन सुरू झालं समजा. तोवर आपला आवाज हेच त्याचं पुस्तक. आज रात्रीपासून सुरुवात करूया!