गृहशोभनाची पहिली उमेदवार : अ‍ॅग्नेस गॅरेट

आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनींच्या मुली बारावीचा निकाल लागला की गृहशोभनाच्या, म्हणजे इंटिरिअर डिझाइनच्या, अभ्यासक्रमाची चौकशी करू लागतात. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत आणि इतरही अनेक ठिकाणी हे शिक्षण आता मिळते. तरी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक शंका असतेच. घर मांडायला बाईला शिकावे कशाला लागते? ते तर तिला उपजतच येते! शिवाय या विद्येवर पोट भरते का, हा दुसरा प्रश्न. या दोन्ही शंका फार जुन्या आहेत. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी लंडन शहरात दोन चुलत बहिणींनी त्यांना तोंड दिले. त्यांपैकी धाकटीचे, अ‍ॅग्नेस गॅरेट हिचे, हे चरित्र आहे; पण थोरल्या ऱ्होडाला वगळून ते सांगताच येणार नाही.

अ‍ॅग्नेसबाईंचा जन्म १८४५ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑल्डबरो या गावी झाला. वडील न्यूसन गॅरेट हे धान्याचे व कोळशाचे मोठे व्यापारी. जवळच स्नेप येथे त्यांनी माल्टच्या वखारी उभारल्या होत्या. घर भरलेले, भावंडे पुष्कळ, आणि मुलीही मुलांच्या बरोबरीने वादविवादात भाग घेणाऱ्या. थोरली बहीण एलिझाबेथ हिने अनेक दारे ठोठावून १८६५ साली वैद्यकीचा परवाना मिळविला. इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झालेली ती पहिली स्त्री. आपल्या डॉ. रखमाबाईंनी लंडनला ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेतले, त्याच्या प्रमुख त्या वेळी याच एलिझाबेथबाई होत्या. धाकटी बहीण मिलिसेंट ही पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीची धुरीण झाली. तिचे यजमान हेन्री फॉसेट हे अंध गृहस्थ पार्लमेंटात आपल्या देशाची बाजू इतक्या नेटाने मांडीत की, त्यांना हिंदुस्थानचे सभासद असेच नाव पडले होते.

अशा दोन तेजस्वी बहिणींच्या मधली ही अ‍ॅग्नेस. घरच्या सुबत्तेमुळे तिला कमावण्याची गरज नव्हती. ऱ्होडाची गोष्ट मात्र वेगळी. तिचे वडील डार्बीशायर परगण्यात पाद्री होते. तिची आई गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले आणि मोठ्या झालेल्या मुलीला स्वतःच्या पोटाची सोय स्वतः पाहणे भाग पडले. त्या काळी सुशिक्षित घरातील मुलीला जवळजवळ एकच वाट मोकळी होती : दुसऱ्याच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचे. पगार तुटपुंजा, मान त्याहून कमी. ऱ्होडाला ती वाट नको होती. अ‍ॅग्नेस तिची जिवलग, आणि तिच्याही मनात बहिणींसारखे काहीतरी आपल्या हाताने करावे असे होतेच. दोघींनी मिळून ठरविले की, आपण घरे आतून सजविण्याचा धंदा करायचा.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. घर सजविण्याची आवड असलेल्या श्रीमंत बायका लंडनमध्ये ढिगाने होत्या. मैत्रिणीला पडद्याचा रंग सुचविणे, भरतकाम करून देणे, खुर्चीवर कुठले कापड शोभेल ते सांगणे, हे सारे त्या हौसेने करीत. या दोघींनी मनाशी खूणगाठ बांधली ती निराळी. हौसेने करायचे नाही, शिकून करायचे. आणि केलेल्या कामाचे पैसे घ्यायचे. पुरुष जसा एखाद्या वास्तुशिल्पीच्या कचेरीत रीतसर करार करून उमेदवारी करतो तशीच आपण करायची, हा त्यांचा हट्ट. त्या काळी या विद्येचे महाविद्यालय नव्हते, पदविका नव्हती. धंद्यात शिरण्याचा खात्रीचा दरवाजा उमेदवारीचाच होता, आणि त्या दरवाज्यातून आजवर एकही बाई आत गेली नव्हती.

१८७१ च्या सुमारास त्यांनी शोध सुरू केला. ठिकठिकाणी नकार मिळाले. नकाराची कारणे काय, तर बाया शिडीवर कशा चढणार, परांचीवर कशा उभ्या राहणार, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे कामगारांना शिव्या कशा घालणार, असे सांगितले जाते. (कामगारांकडून काम करून घेण्यास शिव्यांचीच आवश्यकता असते, हे ज्याने प्रथम ठरविले तो कधी कोणाच्या स्वयंपाकघरात डोकावला नसावा!) प्रथम काही काळ त्यांनी डॅनिएल कॉटिए या काचचित्रांच्या कारागिराकडे काढला. अखेर जॉन मॅककीन ब्रायडन या स्कॉटिश वास्तुशिल्प्याने त्यांना आपल्या कचेरीत उमेदवार म्हणून घेतले. ब्रायडन हे त्या वेळी तिशीच्या आसपासचे तरुण गृहस्थ. नव्या वळणाची घरे बांधणाऱ्या नामवंतांच्या हाताखाली काम करून त्यांनी नुकताच स्वतःचा व्यवसाय थाटला होता.

कचेरीतील शिक्षण म्हणजे काही रंगसंगतीवरील गोड व्याख्याने नव्हेत. मापे घ्यायची, नकाशे प्रमाणात काढायचे, लाकूड ओळखायचे, सुताराला आणि रंगाऱ्याला कळेल असा तपशील लिहून द्यायचा, खर्चाचे अंदाजपत्रक करायचे आणि काम ठरल्याप्रमाणे होते की नाही ते जागेवर उभे राहून पाहायचे. दोघींनी हे सारे केले. उमेदवारी संपल्यावर १८७४ च्या उन्हाळ्यात त्या इंग्लंडातील जुनी घरे पाहत हिंडल्या. जुन्या खोल्यांची, लाकूडकामाची, खुर्च्या-कपाटांची रेखाटने त्यांनी जमविली. हाताखालचे शिक्षण आणि डोळ्यांचे शिक्षण असे दोन्ही पुरे झाल्यावरच त्यांनी धंद्याची पाटी लावली. पाटीवर दोघींची आद्याक्षरे आणि गॅरेट हे आडनाव. कोणा पुरुषाचे नाव तिच्यावर नव्हते.

ब्रिटिश म्युझियमपासून जवळच, गोवर स्ट्रीटवरील २ क्रमांकाच्या घरात १८७५ च्या सुमारास त्या राहावयास गेल्या. तेच घर, तीच कचेरी आणि तोच नमुना. गिऱ्हाईक आले की त्याला हातातल्या चित्रापेक्षा भोवतालची खोलीच दिसे. भिंतींचे कागद, गालिचे, शेकोट्यांच्या चौकटी, टेबले, खुर्च्या सर्वांचे आराखडे त्या स्वतः करीत. पहिली कामे आप्तेष्टांची मिळाली यात नवल नाही. डॉक्टर बहिणीचे घर त्यांनीच सजविले. पण घरच्यांच्या कामावर पेढी चालत नाही. जेम्स व मार्गारेट बील या वकील कुटुंबाचे लंडनमधील हॉलंड पार्क येथील घर त्यांच्याकडे आले, संगीतकार ह्यूबर्ट पॅरी यांच्याकडील काम आले, आणि नाव होत गेले. १८७८ साली पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी सजविलेले दालन मांडले गेले.

त्यापूर्वीच, १८७६ साली, दोघींनी मिळून गृहसजावटीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. मॅकमिलन कंपनीच्या घरगुती कलेवरील मालेत ते निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. मला त्या पुस्तकाचे विशेष वाटते ते असे की, ते राजवाड्यांसाठी नाही. लंडनमधील एकासारखे एक अशा भाड्याच्या घरांत राहणाऱ्या मध्यम स्थितीतील कुटुंबासाठी ते आहे. खोटेपणाचा त्यांना तिटकारा. साध्या लाकडावर रंगाच्या रेघा ओढून ते ओकचे आहे असे भासवायचे, किंवा लाकडालाच संगमरवराचा आव आणायचा, ही तेव्हाची रूढी. ती त्यांनी मोडीत काढली. जे आहे ते दिसू द्यावे, वस्तू थोड्या असाव्यात, पण घडणीच्या आणि उपयोगाच्या असाव्यात, असा त्यांचा रोख. आणि पुस्तकाचा शेवट कशावर, तर खर्चावर! या सगळ्याला पैसे किती पडतील याचा हिशेबच त्यांनी मांडून दिला. आज पुष्कळ चकचकीत मासिकांत सुंदर खोल्यांची चित्रे असतात, आकडा मात्र कोठेच नसतो. ज्याने उमेदवारीत अंदाजपत्रके केली आहेत त्यालाच हे प्रकरण लिहिण्याचे सुचते.

धंद्याबरोबर चळवळही चालू होती. ऱ्होडाबाई मताधिकाराच्या सभांतून बोलत, आणि त्यांच्या वक्तृत्वाची कीर्ती मोठी होती. सुटीसाठी दोघींनी ससेक्समधील रस्टिंग्टन या समुद्रकाठच्या खेड्यात एक घर घेतले. तेथे मित्रमंडळी जमत, गाणे-बजावणे होई. पुढे संगीतरचनाकार म्हणून नावाजलेली एथेल स्मिथ तरुणपणी तेथे येई, आणि आपल्या आठवणींत तिने या दोघींविषयी फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. ऱ्होडाबाईंच्या धाकट्या सावत्र भावंडांचा भारही याच घराने उचलला होता. ज्या दुसऱ्या संसारामुळे तिला घर सोडावे लागले, त्याच संसारातील पोरांना तिने आपल्या कमाईतून जवळ केले. चरित्रकार हे एका वाक्यात सांगून पुढे जातात. आपल्याला मात्र तेथे थोडे थांबावेसे वाटते.

१८८२ च्या नोव्हेंबरात ऱ्होडाबाई विषमज्वराने गेल्या. वय अवघे एक्केचाळीस. रस्टिंग्टनलाच त्यांना पुरले.

आता अ‍ॅग्नेसबाई एकट्या पडल्या. पेढी दोघींची, घर दोघींचे, पुस्तक दोघींचे. पोटासाठी त्यांना हा धंदा कधीच करावयाचा नव्हता, म्हणून आता तो बंद करून ऑल्डबरोला परतल्या असत्या तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तो बंद केला नाही. पाटीवरचे ऱ्होडाचे आद्याक्षर त्यांच्या कामातून पुढची वीसएक वर्षे जगले असे म्हटले तरी चालेल. ऱ्होडाच्या भावंडांचे पालकत्वही त्यांनी घेतले. त्यांतील एडमंड पुढे दक्षिण आफ्रिकेत नामांकित संपादक झाला. १८८४ साली हेन्री फॉसेट वारले, तेव्हा मिलिसेंट आपल्या मुलीला घेऊन गोवर स्ट्रीटला बहिणीकडेच राहावयास आली. हीच ती भाची फिलिपा, जी १८९० साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पुरुषाच्याही वर ठरली.

याच काळात अ‍ॅग्नेसबाईंनी आपले कसब एका निराळ्या कामी लावले. शाळांतून, कचेऱ्यांतून, इस्पितळांतून नोकरी करणाऱ्या स्त्रिया लंडनमध्ये वाढत होत्या, आणि एकट्या बाईला चांगली खोली मिळणे कठीण होते. कामकरी स्त्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न आपल्या पुण्या-मुंबईच्या भगिनींना समजावून सांगायला नकोच. १८८८ साली स्थापन झालेल्या लेडीज रेसिडेन्शियल चेंबर्स या कंपनीच्या उभारणीत अ‍ॅग्नेसबाई पुढे होत्या. चेनीज स्ट्रीटवरील पहिली इमारत १८८९ साली उघडली, दुसरी १८९२ साली यॉर्क स्ट्रीटवर झाली. प्रत्येकीला आपल्या छोट्या बिऱ्हाडाचे स्वतंत्र दार, आणि जेवणासाठी सर्वांचे एक दालन. दिवसभर राबून आलेल्या बाईने पुन्हा चुलीपुढे बसू नये हा त्यामागचा विचार. ही कंपनी धर्मादाय नव्हती. भांडवल भागधारकांचे, बिऱ्हाडांना भाडे, आणि व्यवहार चोख. पहिल्या इमारतीचे वास्तुशिल्पी कोण? तेच ब्रायडन. एके काळच्या शिकाऊ बाईने गुरूला काम मिळवून दिले होते. एलिझाबेथबाईंच्या स्त्रियांच्या इस्पितळाची युस्टन रोडवरील इमारतही ब्रायडन यांनीच बांधली.

आपल्यासाठी जो दरवाजा मुश्किलीने उघडला, तो अ‍ॅग्नेसबाईंनी इतरांसाठी उघडा ठेवला. काही मुलींना त्यांनी आपल्या हाताखाली उमेदवार म्हणून घेतले. ब्रिटिश वास्तुशिल्प्यांच्या राजमान्य संस्थेत पहिली स्त्री, एथेल चार्ल्स, दाखल झाली ती १८९८ साली. गॅरेट बहिणींनी कचेरीत पाऊल टाकल्याला तोवर पाव शतक उलटले होते. आपल्याकडे पेरीन मिस्त्री यांनी जे. जे. मधून वास्तुशास्त्राची पदविका घेतली ती १९३६ साली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅग्नेसबाईंनी पेढीचे काम आवरते घेतले. पुढे दोघी वृद्ध बहिणी गोवर स्ट्रीटच्या त्याच घरात राहिल्या आणि मिळून दूरदूरचे प्रवास करीत राहिल्या. इंग्लंडमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार १९२८ साली मिळाला, तो दोघींनी पाहिला. १९२९ साली मिलिसेंट गेली. अ‍ॅग्नेसबाई १९३५ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, निवर्तल्या. त्या घरावर आज स्मृतिफलक आहे, तो मिलिसेंटच्या नावाचा.

अ‍ॅग्नेसबाईंचे काम पाहावयाचे तर ससेक्समधील स्टँडन या घरी जावे लागते. बील कुटुंबाने १८९० नंतर फिलिप वेब या प्रख्यात वास्तुशिल्प्याकडून तेथे नवे घर बांधून घेतले. नव्या घरी नवे सामान भरण्याची ऐपत त्यांना नक्कीच होती. तरी दोघी बहिणींनी हॉलंड पार्कसाठी केलेले लाकूडसामान त्यांनी टाकले नाही, तेथे नेले. १९७२ पासून ते घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. लांब कोच, कोपऱ्यात बसणारे कपाट, पाय टेकायची छोटी चौरंगी अशा वस्तू तेथे अजून जागच्या जागी मांडलेल्या आहेत.