विषाणूंचे अंतरंग शोधणारी शास्त्रज्ञ

तंबाखूच्या पानांवर कधीकधी फिकट हिरवे-पिवळे चट्टे पडतात. पाने आकसतात आणि रोपाची वाढ खुंटते. हाच रोग टोमॅटो आणि मिरचीच्या रोपांनाही होतो. तो एका विषाणूमुळे होतो. १९३५ साली अमेरिकेतील वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक तयार केले. पण त्याची आतली रचना कशी असेल, हे कोडे सुटले नव्हते. ते सोडवण्यात रोझलिंड फ्रँकलिन यांचा मोठा वाटा आहे.

रोझलिंड यांचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमधील एका सुखवस्तू यहुदी कुटुंबात झाला. केंब्रिज येथे त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी कोळशावर संशोधन केले. त्याबद्दल १९४५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढे पॅरिसमध्ये त्या क्ष-किरणांचे तंत्र शिकल्या. एखाद्या पदार्थावर क्ष-किरण सोडले, की ते विखुरतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून गणिताच्या मदतीने अणूंची मांडणी ओळखता येते. हे काम मोठ्या चिकाटीचे असते.

१९५१ साली त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात आल्या. तेथे त्यांनी डीएनए या रेणूचा अभ्यास सुरू केला. त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याच्यासह काढलेले ५१ क्रमांकाचे छायाचित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. मात्र सहकारी मॉरिस विल्किन्स यांच्याशी त्यांचे पटले नाही. विल्किन्स यांनी ते छायाचित्र रोझलिंड यांना न कळवता जेम्स वॉटसन यांना दाखवले. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना जाहीर केली. रोझलिंड यांच्या कामाचे श्रेय त्यांना हयातीत पुरेसे मिळाले नाही.

त्याच वर्षी त्या बर्कबेक कॉलेजात जे. डी. बर्नाल यांच्या विभागात दाखल झाल्या. जुन्या घरात प्रयोगशाळा होती आणि क्ष-किरणांची यंत्रे तळघरात होती. येथे त्यांनी तंबाखूच्या विषाणूचा अभ्यास हाती घेतला. १९५४ साली ॲरन क्लुग हे तरुण शास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. केनेथ होम्स आणि जॉन फिंच हे विद्यार्थीही आले. किंग्ज कॉलेजात एकट्या पडलेल्या रोझलिंड यांना येथे मनासारखे सोबती लाभले.

या विषाणूच्या सर्व पूर्ण काड्या सारख्याच लांबीच्या असतात, असे त्यांनी १९५५ साली मांडले. नॉर्मन पिरी या ज्येष्ठ संशोधकांनी त्याला कडाडून विरोध केला. पण रोझलिंड डगमगल्या नाहीत. पुरावा हाती असताना माघार घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

हा विषाणू इतका लहान असतो, की एका मिलिमीटरमध्ये तसे तीन हजारांहून अधिक विषाणू एकापुढे एक मावतील. त्यात प्रथिनाचे सुमारे २१०० सारखे तुकडे गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचलेले असतात. दर तीन वेढ्यांत ४९ तुकडे बसतात. मध्यभागी पोकळी असते. आरएनएचा धागा त्या पोकळीत नसून प्रथिनांच्या आत गुंफलेला असतो, हे रोझलिंड यांनी १९५६ साली दाखवून दिले. अमेरिकेचे डोनाल्ड कॅस्पर हेही याच प्रश्नावर काम करत होते. दोघांचे लेख एका नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. येथे चढाओढ नव्हती, सहकार्य होते.

त्याच वर्षी रोझलिंड यांना कर्करोग झाल्याचे कळले. शस्त्रक्रिया झाल्या, शक्ती कमी होत गेली. पण काम थांबले नाही. पोलिओच्या विषाणूचा अभ्यासही त्यांनी सुरू केला. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ब्रुसेल्स येथे जागतिक प्रदर्शन उघडले. तेथे त्यांच्या गटाने तयार केलेली विषाणूची भली मोठी प्रतिकृती मांडलेली होती.

फिंच आणि क्लुग यांनी पोलिओचे काम पुढे नेले आणि १९५९ सालचा आपला लेख रोझलिंड यांच्या स्मृतीस अर्पण केला. १९८२ साली क्लुग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोझलिंड यांनी लावलेले रोप असे त्यांच्या सोबत्यांनी वाढवले.